चेहरा ओळखणारं कुलूप, हातवारे समजणारा टीव्ही: कोकणातल्या घरात कुणी वापरतंय का?

माजघर | ३ ऑगस्ट, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

माहेर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटं. घरात आई (७४) आणि बाबा (७९) दोघंच. मी ठाण्याला, दादा परदेशात. दादाला दर गणपतीला घरात काहीतरी नवं बसवायची हौस. यंदाची त्याची यादी अशी: पुढच्या दाराला चेहरा ओळखून उघडणारं कुलूप, हाताच्या खुणांवर चालणारा टीव्ही आणि पडवीत माणूस आला की आपोआप लागणारे दिवे.

मला धास्ती आहे ती त्याने गेल्या वर्षी स्वयंपाकघरात बसवलेल्या, धूर ओढणाऱ्या चिमणीमुळे. तिला बटणाबरोबर हाताची खूणही कळते. समोरून डावीकडून उजवीकडे हात नेला की सुरू, उलटा नेला की बंद. हात पिठाचे, तेलाचे असले तरी बटणाला लावायला नकोत, ही कल्पना खरंच चांगली. पण आईचा मिसळणाचा डबा चिमणीच्या उजव्या हाताच्या फळीवर. फोडणीत हिंग टाकायला हात गेला की चिमणी घोंघावते, डबा घेऊन हात परत आला की गप्प. पहिले चार दिवस आई तिच्याशी बोलत होती ("बाई गं, तुला नाही बोलावलं"). पाचव्या दिवशी तिने भिंतीवरचं बटणच बंद केलं आणि त्याच्यापुढे पोळपाट उभा करून ठेवला. तो अजून तिथेच आहे. डबा हलवायचा पर्याय मी सुचवला होता. चाळीस वर्षं तो तिथे आहे, चिमणी काल आली, असं उत्तर मिळालं.

आता कुलूप. आमच्याकडे दार दिवसभर उघडंच असतं. दूधवाला, कामाला येणारी मावशी, शेजारची वहिनी, नारळ पाडायला येणारा, सगळे हाक मारत सरळ आत. बाबांचं म्हणणं, ह्या सगळ्यांचे चेहरे त्या कुलपाला कोण शिकवणार? आणि आईचा प्रश्न वेगळाच आहे, तो जसाच्या तसा विचारते: कवळी काढल्यावर ते ओळखेल का?

खरे अनुभव हवेत. जाहिराती मी पण वाचल्यात.

चाकरमानी_दहा | ३ ऑगस्ट, रात्री १०:३१

कवळीच्या प्रश्नासाठी +१. कोपऱ्यात जागा पकडून बसलोय.

विजेचा_खांब | ४ ऑगस्ट, सकाळी ७:०५

रत्नागिरीकडे वायरिंग आणि कॅमेऱ्यांची कामं करतो. ही कुलपं बसवलीयत पण आणि काढलीयत पण.

आधी त्याची जात बघा. एक प्रकार साध्या कॅमेऱ्यावर चालतो, म्हणजे तो तुमचं चित्र बघतो. दुसरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकून नाक किती पुढे, डोळे किती खोल हे मोजतो. पहिला कुणी फुकट दिला तरी दाराला लावू नका. नेदरलँड्सच्या ग्राहक संघटनेने ११० फोन तपासले होते, २०१९ च्या जानेवारीत बातमी आली होती. त्यातले ४२ फोन मालकाचा फोटो समोर धरल्यावर उघडले. ते फोन होते, कुलपं नव्हती, पण युक्ती तीच. आणि आपल्याकडे चोराला फोटो शोधायलाही नको, बैठकीच्या भिंतीवर हार घालून लावलेला असतो.

दुसरं, दार कुठे तोंड करून आहे? पश्चिमेला असेल तर दुपारी चारनंतर कुलपाच्या कॅमेऱ्याच्या थेट डोळ्यात सूर्य, आणि दारात उभ्या माणसाचं तोंड काळोखात. वर उन्हात अवरक्त भरपूर असतं. कुलूप जो प्रकाश टाकतं तो त्यात मीठ समुद्रात टाकल्यासारखा हरवतो. सकाळी झकास चालणारं कुलूप संध्याकाळी मालकाला बाहेर उभं करतं, आणि दोष मला मिळतो.

तिसरं, खारा वारा. सेलच्या पत्र्यांवर सहा-आठ महिन्यांत हिरवट पांढरी पूड जमते. कुलूप स्वतःच्या सेलवर चालतं म्हणून लाईट गेली तरी फरक पडत नाही, हे खरं. पण ते सेल बघायचे कुणी? बऱ्याच कुलपांना बाहेरून ९ व्होल्टचा सेल टेकवून किंवा यूएसबीची वायर लावून तात्पुरती वीज देता येते, शिवाय साधी किल्लीही असते. आता ही किल्ली लोक कुठे ठेवतात सांगा? घरात. कपाटात. जपून.

पडवीच्या दिव्यांबद्दल मात्र दादांच्या बाजूने. तो सेन्सर चेहरा-बिहरा बघत नाही, अंगाची ऊब हलली की त्याला कळतं. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये तो जरा मंदावतो. आपल्या कातडीचं तापमान तेहतीस-चौतीस, आणि मागची भिंतही तेवढीच तापलेली. त्याला माणूस आणि भिंत वेगळी काढता येत नाही. पावसात उलटा त्रास, पाल भिंगावरच बसली की रात्रभर दिवाळी. तरीही लावा, पण पडवीत नको, मागीलदारी लावा. न्हाणीघराकडे जायच्या वाटेवर. रात्री म्हातारी माणसं अंधारात बटण चाचपडतात तिथे ह्याचा खरा उपयोग. जनावराच्या अंगावर पाय पडायची भीतीही कमी.

रंगीत_टीव्हीवाले_काका | ४ ऑगस्ट, दुपारी ३:४८

चिपळुणात तीस वर्षं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. ह्यातलं काही नवीन नाही, एवढंच सांगायला आलो.

अमेरिकेत झेनिथ कंपनीने १९५० साली पहिला रिमोट काढला तो वायरीचा. लोक त्यात पाय अडकून पडायला लागले. १९५५ ला प्रकाशावर चालणारा आणला, टॉर्चसारखा टीव्हीच्या कोपऱ्यावर मारायचा. तर खिडकीतून ऊन आलं की टीव्ही मनानेच चॅनल बदलायचा. (वर खांबसाहेबांनी उन्हाचं सांगितलं ते वाचून हे आठवलं.) १९५६ ला आवाजावर चालणारा, आपल्या कानाला न ऐकू येणारा सूक्ष्म आवाज. त्याला सेलसुद्धा लागत नव्हता, आत छोट्या हातोडीने धातूची कांडी वाजायची. पण किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला तरी चॅनल बदलायचा! म्हणजे सत्तर वर्षं झाली, रोग तोच: यंत्राला खूण कळते, पण ती आपण त्याच्यासाठी केली की सहज झाली हे कळत नाही. आईच्या चिमणीचं दुखणं दुसरं काय आहे?

हातवाऱ्यांचा सगळ्यात मोठा प्रयोग म्हणजे मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट, टीव्हीवरच्या खेळांसाठी अंगाची हालचाल टिपणारा कॅमेरा. नोव्हेंबर २०१० मध्ये आला, पहिल्या ६० दिवसांत ८० लाख खपले, गिनीज बुकात नोंद झाली. माझ्या भाच्याकडे होता. पोरं उड्या मारून खेळ खेळायची तोवर मजा. पण त्यावर पिक्चर लावायचा तर हात हवेत धरून थांबायचं, मग तो गोल भरायचा, मग कळायचं. दोन-तीन दिवसांनी सगळे रिमोटवर परत. २०१७ मध्ये कंपनीने तो बनवणं बंद केलं. सॅमसंगने २०१२ साली टीव्हीतच कॅमेरा घालून हाताची खूण, आवाज, चेहरा सगळं दिलं होतं. आज दुकानात जाऊन बघा, किती टीव्हींना कॅमेरा आहे.

कारण साधं आहे. रिमोटला अंगठा हलवावा लागतो, हातवाऱ्याला अख्खा हात. टच स्क्रीन उभे लावले तेव्हाच्या इंजिनियरांनी ह्या दुखण्याला 'गोरिला आर्म' नाव ठेवलं होतं. हात खांद्याच्या उंचीला धरून बघा दोन मिनिटं. नंतर ७९ वर्षांच्या बाबांना धरायला सांगा.

गजाली | ४ ऑगस्ट, रात्री ९:२०

माझ्या झिलान मुंबयसून असलोच टीव्ही आणल्यान. हात दाखवलो काय थांबता, हलवलो काय चॅनल बदालता. पयलो दिवस बरो गेलो. दुसऱ्या दिवसा शेजारचो भावोजी इलो आणि हद्दीची गजाल निघाली. आमी मालवणी माणसा, हात बांधून बोलूक येता कोणाक? तो "त्या फणसापासून ह्या वयपर्यंत" म्हणून हात पसरी, थय टीव्हीर बातम्यांचा भजन होय, भजनाचा क्रिकेट होय. शेवटाक भावोजी म्हणता, "बघ गो, तुझ्या टीव्हीक पण माझी बाजू पटता."

त्येच्या आदी टाळी वाजवल्यार लागणारो बल्ब होतो. तो मखरात लावलेलो. आरती सुरू झाली काय उजेड चालू-बंद, चालू-बंद. लोकांक वाटला डेकोरेशन. पुढच्या वर्षी वाडीतली चार घरा इचारूक इली, खयसून आणलास म्हणून.

चाकरमानी_दहा | ४ ऑगस्ट, रात्री ९:३४

हसून हसून ठसका लागला. मखराला +१०००.

काजूबोंड | ५ ऑगस्ट, सकाळी ११:१५

सगळे चेहऱ्याच्या विरोधात बोलतायत म्हणून दुसरी बाजू.

आमचा वेंगुर्ल्याकडे छोटा काजू कारखाना आहे. काजूच्या टरफलात जे तेल असतं त्याने कातडी भाजते. बाया राख किंवा तेल लावून बसतात, आता हातमोजेही असतात, पण हातमोज्यात गर सुटा करायला बोटांना अंदाज येत नाही म्हणून त्या काढून ठेवतात. वर्षानुवर्षं हे केलं की बोटांवरच्या रेषा पुसून जातात. आमच्याकडे एक मावशी आहेत, रेशन दुकानात अंगठा लावायचा म्हटलं की त्यांच्या पोटात गोळा येतो. दहाही बोटं फिरवून होतात, मागे रांग खोळंबते, आणि मशीन 'जुळत नाही' म्हणतं. आयुष्यभर हाताने काम केलं म्हणून हातच साक्ष देत नाहीत. जाळी ओढणाऱ्यांचं, चिरेखाणीत काम करणाऱ्यांचं ह्याहून फार वेगळं नसावं.

कारखान्यात हजेरीचं मशीन आधी बोटाचं होतं. चार बायांची हजेरी मी वहीत लिहायचे, आणि त्यांना वाटायचं आपलं काहीतरी चुकतंय. चेहऱ्याचं मशीन आल्यावर वही बंद झाली. त्या मावशी पहिल्या दिवशी मशीनसमोर पदर सारखा करून उभ्या राहिल्या, नाव दिसलं तेव्हा मागे वळून सगळ्यांकडे बघितलं. त्यामुळे मला चेहरा ओळखणं ही चैन वाटत नाही.

घरातलंही उदाहरण आहे. आजोबांचं पेन्शन. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला. हाच दाखला ऑनलाइन देणारं 'जीवन प्रमाण' २०१४ ला सुरू झालं तेव्हा बोट किंवा डोळ्याची बुबुळं लागायची, म्हणजे यंत्र असेल तिथे रिक्षाने जाणं आलंच. २०२१ च्या नोव्हेंबरपासून फोनवर चेहरा दाखवून होतं. आजोबा ओटीवर खुर्चीत, मी फोन धरून, "आता डोळे मिटा, उघडा". मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, तरी तिसऱ्या प्रयत्नाला झालं. (पहिले दोन प्रयत्न मी त्यांच्या पाठीमागे उजेड येईल असं बसवलं म्हणून वाया गेले.)

माजघर ताई, बाबांना पेन्शन असेल तर हे आधी शिकवा. कुलूप मग बघू.

टेक्नो_तात्या | ५ ऑगस्ट, दुपारी १२:४०

काजूबोंड, चांगला मुद्दा. फक्त यंत्र सगळे चेहरे सारखे बघत नाही हेही लक्षात असू द्या. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू ह्यांनी तीन मोठ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर तपासली होती. चेहरा बाईचा की पुरुषाचा एवढंच सांगायचं होतं. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, काळ्या बायकांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. नंतर कंपन्यांनी सुधारणा केल्या. पण उन्हात रापलेल्या माणसांच्या गावात यंत्र घेताना दुकानदाराच्या चेहऱ्यावर नाही, घरच्यांच्या चेहऱ्यावर तपासून घ्यावं.

अवांतर: हातवारे कॅमेऱ्याशिवायही ओळखता येतात, रडारने. गुगलने २०१९ च्या पिक्सेल ४ फोनमध्ये ते घातलं होतं, ६० गिगाहर्ट्झच्या लहरींवर. त्या लहरी वापरायची परवानगी आपल्याकडे नव्हती म्हणून तो फोन भारतात विकायलाच आला नाही. पुढच्या पिक्सेलमधून त्यांनी ते काढूनही टाकलं. टीव्हीवाल्या काकांची यादी पुढे न्यायला घ्या.

कोपरापासून_नमस्कार | ५ ऑगस्ट, संध्याकाळी ६:०२

बांगडे साफ करताना नळ कसा उघडायचा हा माझा रोजचा प्रश्न. सेन्सरचा नळ लावून बघितला, हात खाली नेला की पाणी. पण कढई घासताना नळाला आपण गेलो असं वाटून पाणी तोडायचा. टोपात पाणी भरून ठेवायचं तर हात खाली धरून उभं राहायचं. वर त्याचा सेल संपला त्या दिवशी पाणी असून नळ कोरडा.

शेवटी प्लंबरला सांगून इस्पितळात असतो तसा लांब दांडीचा नळ बसवून घेतला. कोपराने ढकलला की उघडतो, कोपराने बंद. सेल नाही, ॲप नाही. हातवाऱ्यावर चालणारं घरातलं सगळ्यात चांगलं यंत्र तेच आहे म्हणा ना.

ओहोटी | ५ ऑगस्ट, रात्री ११:५०

सहसा लिहीत नाही इथे. वडिलांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. समजतं सगळं, शब्द येत नाहीत. आवाजावर चालणारी यंत्रं त्यांना काय कामाची. रिमोट डाव्या हातात धरतात पण नेमकं बटण दाबलं जात नाही, दोन-तीन एकदम दाबली जातात आणि मग चिडतात.

बहिणीने बाहेरून एक स्क्रीन आणून दिला. त्याच्याकडे बघून तळहात दाखवला की चाललेलं गाणं थांबतं, परत दाखवला की सुरू. एवढी एकच खूण. दिवसातून पंचवीस वेळा नाट्यगीत थांबवतात आणि सुरू करतात. ऐकायचं असतं म्हणून नव्हे, असं मला कधीकधी वाटतं. घरात त्यांच्या सांगण्यावरून होणारी ती एकच गोष्ट आहे.

काकांचं गोरिलाचं बरोबर आहे, हात दुखतोच. पण ज्याला दुसरा मार्ग नाही त्याचा हिशोब वेगळा.

रंगीत_टीव्हीवाले_काका | ६ ऑगस्ट, सकाळी ६:३०

ओहोटी, मान्य. मी धडधाकट माणसांपुरतं बोललो होतो. एकच खूण ठेवलीत हे फार बरोबर केलंत, दहा खुणा असत्या तर त्यांचे हाल झाले असते.

दादाच_बोलतोय | ६ ऑगस्ट, रात्री १:१७

बहिणीने लिंक पाठवली म्हणून खातं उघडलं. तो हौशी दादा मीच.

चिमणीची चूक कबूल. डबा कुठे असतो ते मला माहीत होतं, तरी लक्षात आलं नाही. पण कुलपाबद्दल माझी बाजू कुणी विचारलीच नाही. मला चेहरा-बिहऱ्याचं कौतुक नाही. दार कधी उघडलं ते त्या कुलपात नोंदलं जातं आणि मला फोनवर दिसतं. बाबा रोज पहाटे साडेपाचला दार उघडून समुद्रावर जातात. ते दार उघडलेलं इथून मला दिसलं की माझा दिवस सुरू होतो. निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला, आमच्याकडे लाईट आणि फोन दोन्ही गेले. ते घर उभं आहे की नाही हे तीन दिवस मला कळत नव्हतं. हे कुणाला हसण्यासारखं वाटत असेल तर वाटू दे.

विजेचा_खांब | ६ ऑगस्ट, सकाळी ७:२२

दादा, कुणी हसत नाहीये. फक्त एक सांगतो, राग मानू नका. कुलपाची नोंद तुमच्यापर्यंत यायला घरचं वायफाय चालू लागतं. निसर्गमध्ये लाईट गेली, टॉवर गेले, तेव्हा हे कुलूपही गप्पच बसलं असतं. ज्या दिवशी तुम्हाला सगळ्यात जास्त काळजी त्याच दिवशी ते काही सांगणार नाही. आणि एरवी आठवड्यातून दोनदा लाईट जाते तेव्हा नोंद आली नाही म्हणून तुम्ही उगाच घाबराल. नोंदच हवी तर पाचशे-हजारातला दाराचा चुंबकी सेन्सर पुरतो, चेहरा कशाला?

कलम_तीन | ६ ऑगस्ट, दुपारी २:०५

पेशाने वकील. फुकट सल्ला, त्यामुळे तेवढ्याच किमतीचा धरा.

घरातल्या घरात, स्वतःच्या वापरासाठी कुणी माहिती ठेवली तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा त्याला लागू होत नाही. म्हणजे दादा बाबांची दाराची वेळ बघतात ह्यात त्या कायद्याचं काही नाही. प्रश्न कायद्याचा नाहीच, बाबांना विचारलं का हा आहे. पुट्टस्वामी खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं. तो सरकारविरुद्धचा खटला होता, मुलाविरुद्धचा नव्हे. तरी ७९ वर्षांच्या माणसाने किती वाजता दार उघडावं हे तिसऱ्या देशात टिपलं जात असेल तर त्याला ते माहीत असावं.

होमस्टे चालवणाऱ्यांनी मात्र नीट वाचा. पाहुण्यांचे चेहरे कुलपात साठवणं हा घरगुती वापर नव्हे, धंदा आहे. अठराच्या आतल्या मुलांसाठी आईवडिलांची पडताळता येईल अशी संमती हा कायदा मागतो. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, चेहरा कुठून बदलणार?

आंब्याचं_खळं | ६ ऑगस्ट, दुपारी ४:३३

देवगडजवळ दोन खोल्यांचा होमस्टे आहे, तेव्हा हे माझ्यासाठीच होतं वाटतं. मी चेहऱ्याचं कुलूप घेतलं होतं. पाहुणे येणार रात्री अकराला, दमलेले, पोरं झोपलेली, आणि मी म्हणणार जरा मान डावीकडे करा, उजवीकडे करा. एका आजीबाईंनी सरळ सांगितलं, "आमका रूमची चावी दी, फोटो लग्नात काढून झाले." आता आकड्यांवर ठेवलंय. प्रत्येक पाहुण्याला वेगळा आकडा, गेले की पुसायचा. चेहऱ्याचं बंद करून टाकलं.

चाकरमानी_दहा | ६ ऑगस्ट, रात्री १०:१०

माझाही एक अनुभव, दादांसाठी. गावच्या घराला सामाईक कुलूप लावलं, कंपनी कुठली ते जाऊ दे. माझा चेहरा नोंदवला. चुलतभावाचा नोंदवला नाही, कारण त्या वर्षी बोलणं बंद होतं. तर त्याला ते बिनदिक्कत उघडलं! आमच्या घराण्याचं नाक एकच आहे. ॲपल आपल्या फेस आयडीबद्दल सांगतं की परक्या माणसाने फोन उघडायची शक्यता दहा लाखात एक, पण जुळी, सारखी दिसणारी भावंडं आणि तेरा वर्षांखालची मुलं असतील तर तो आकडा धरू नका. वाडीत राहणाऱ्यांनी हे दारावर लिहून ठेवावं.

(बोलणं त्यामुळेच सुरू झालं, ते सोडा.)

माजघर | ७ ऑगस्ट, रात्री ९:४५

सगळ्यांचे आभार. कलम_तीन ह्यांचा प्रतिसाद बाबांना फोनवर वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी साडेपाचला उठतो हे त्याला माहीत आहे. एखाद्या दिवशी सातला उठलो तर तो तिकडून फोन करेल. मग मला सातला उठायची चोरी." दादाला हे मी सांगितलं नव्हतं, आता इथेच वाच रे.

पेन्शनचा दाखला फोनवर होतो हे त्यांना माहीतच नव्हतं. गेल्या वर्षी दोनदा रिक्षा केली होती.

दादाच_बोलतोय | ८ ऑगस्ट, रात्री १२:५८

वाचलं. येताना बाबांशी बोलतो.

माजघर | ११ सप्टेंबर, संध्याकाळी ७:२०

गणपती झाले, ठाण्याला परत आले. काय झालं ते लिहायचं राहिलं होतं.

मागीलदारी न्हाणीघराच्या वाटेवर दोन सेन्सरचे दिवे लागले. आई आता रात्री बॅटरी शोधत नाही. एक दिवा मांजराला लागतो, त्याबद्दल तक्रार नाही.

टीव्ही साधाच घेतला. रिमोटला रबरी कव्हर घातलं आणि लागणारी चार बटणं सोडून बाकीच्यांवर चिकटपट्टी. ही बाबांची कल्पना.

कुलूप दादा घेऊनच आला होता, अवरक्त प्रकाशाने नाक-डोळे मोजणारं. पुढच्या दाराला नाही लावलं. वरच्या माडीच्या खोलीला लावलंय, जिथे तो उतरतो आणि एरवी वर्षभर बंद असते. त्याच्या नोंदी कुणी बघत नाही कारण नोंदवण्यासारखं काही घडत नाही. पुढच्या दाराला चुंबकी सेन्सर लागला, पण त्याचा निरोप बाबांच्याच फोनवर येतो. दादाला पाठवायचा की नाही हे ते ठरवतात. आतापर्यंत दोनदा पाठवलाय. एकदा पहाटे पावणेचारचा, मुद्दाम. दादाने घाबरून फोन केला तर बाबा हसत होते. चाकरमान्यांना स्टेशनवर सोडायला गेले होते.

आणि आईचा प्रश्न. माडीच्या कुलपावर सगळ्यांसमोर प्रयोग झाला. कवळी काढून: ओळखलं. चष्मा काढून: ओळखलं. बाबा कानटोपी आणि मफलर घालून: नाही. आई लगेच म्हणाली, "मलाही नाही ओळखू आले."

कोपरापासून_नमस्कार | ११ सप्टेंबर, रात्री ८:०१

आणि चिमणी??

माजघर | ११ सप्टेंबर, रात्री ८:४०

दादाने पुस्तिका शोधून काढली. मधलं बटण दाबून धरलं की हाताची खूण बंद होते, आता ती नुसती बटणावर चालते. आई वापरते. पोळपाट मात्र अजून तिथेच आहे.

गजाली | ११ सप्टेंबर, रात्री ९:१५

त्या पुस्तिकेचो फोटो टाक गो. आमच्या टीव्हीक पण असला बटण असात तर शोधूक होया. भावोजी परत इलोहा.